कुंपणावरची मूळ संख्या

नागपूरच्या नंदनवन भागातल्या एखाद्या कोचिंग क्लासची ऑनलाइन नोंदणी डोळ्यांपुढे आणा. फॉर्म ओळखीच्या पोट्ट्याकडून दोन दिवसांत करून घेतलेला. तीनशे मुलांनी नाव, पत्ता, टक्के, मोबाइल भरला, फॉर्म बिनबोभाट सबमिट झाला. आठवडाभराने फीचा निरोप पाठवायला यादी उघडली, तर मोबाइलच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नंबर. २१४७४८३६४७. तीनशे वेळा.

हा व्हायरस नव्हे की कोणाचा खोडसाळपणा नव्हे. डेटाबेस बहुधा मायएसक्यूएल, आणि त्यात मोबाइलचा रकाना 'इंट' या प्रकारचा ठेवलेला. इंटमध्ये मावणारी सगळ्यांत मोठी संख्या हीच. त्याहून मोठं काही आलं की कडक तपासणी बंद असलेला सर्व्हर तक्रार करत नाही. एक बारीकशी वॉर्निंग देतो, ती कोणी वाचत नाही, आणि संख्या कापून आपल्या कमाल मर्यादेवर आणून ठेवतो. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून कडक तपासणी आपोआप चालू असते. तिथे नोंद थेट नाकारली जाते आणि निदान त्याच दिवशी बोंब होते. त्याआधीच्या मांडणीत मात्र कुंपणच शेत खातं.

इथे हमखास होणारी एक चूक म्हणजे 'इंट'पुढे कंसात १० लिहिणं. लिहिणाऱ्याला वाटतं, दहा अंकांची सोय झाली. तो कंस फक्त आकडा दाखवताना किती जागा सोडायची ते सांगतो, साठवायच्या क्षमतेशी त्याचा काडीचा संबंध नाही. १० चे २० केले तरी फरक पडत नाही. 'अनसाइन्ड' (ऋण संख्या वगळून) केलं तर मर्यादा ४२९४९६७२९५ वर जाते, पण आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळेच्या सगळे त्याच्याही वर. आणि रकाना 'युनिक', म्हणजे एक नंबर दोनदा न चालणारा, ठेवला असेल तर वेगळीच गंमत. पहिल्या मुलाची नोंद होते आणि दुसऱ्यापासून प्रत्येकाला 'डुप्लिकेट एंट्री' म्हणून परत पाठवलं जातं.

लँडलाइनचा हिशेब तर अजून मजेदार. पूर्णांकात पुढचं शून्य टिकत नाही. नागपूरचा ०७१२-२ ने सुरू होणारा नंबर ७१२२… होतो, मर्यादेबाहेर. मुंबईचा ०२२ धरला की २२ ने सुरू होणारी दहा अंकी संख्या, तीही थोडक्यात बाहेर. पुण्याचा ०२० मात्र २० ने सुरू होतो आणि आत आरामात बसतो. आता यावर पुणेकर काय म्हणतील ते आपण इथे नागपुरात बसून सांगायला नको.

या आकड्याकडे जरा थांबून पाहावं असा तो आहे. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दशमान पद्धतीत लिहिला की त्याला काही रूप नाही, कुणाचाही नंबर वाटावा असा. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिला की नुसते एकतीस एक, ओळीने. संगणकाने पूर्णांकासाठी बत्तीस खण राखलेले असतात. एक खण चिन्हाकडे जातो, एकतीस उरतात, ते सगळे भरले की हा आकडा होतो. म्हणजे २ चा ३१वा घात, वजा एक.

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. त्या मांडणीतली खुबी अशी की प्रत्येक घरात आधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा नेमका एक दाणा जास्त असतो. तेव्हा अर्धा पट व्हायला एक घर बाकी असताना, एकतीस घरांतले दाणे मोजले तर उत्तर २१४७४८३६४७ येतं. तांदळाच्या हजार दाण्यांचं वजन वीस ग्रॅम धरलं तर हे झाले जवळपास ४३० क्विंटल. कळमन्याच्या यार्डात उतरवायला चार-पाच ट्रक लागतील, पण डोळे विस्फारावेत असा हा माल नाही. राजाचं दिवाळं पुढच्या अर्ध्या पटात निघतं.

आता मूळ मुद्दा. ही संख्या मूळ आहे. १ आणि स्वतः सोडून तिला दुसरा विभाजक नाही. तेवढे दाणे चौकोनी रांगांत मांडायचे ठरवलं तर एकाच सरळ ओळीशिवाय दुसरी मांडणीच नाही.

बऱ्याच जणांचा समज असतो की मूळ आहे म्हणूनच ती संगणकात सगळीकडे दिसते. तसं नाही. ती दिसते ती कुंपणावर उभी आहे म्हणून. कुंपण कुठे घालायचं हे खणांच्या संख्येवरून ठरलं, विभाज्यतेचा विचार त्यात कुठेच नव्हता. ताडून पाहायचं तर बाकीची कुंपणं पाहा. आठ खणांचं कुंपण १२७, मूळ. सोळा खणांचं ३२७६७, म्हणजे ७ × ३१ × १५१, मूळ नाही. बत्तीस खणांचं आपलं, मूळ. चौसष्ट खणांचं ९२२३३७२०३६८५४७७५८०७, हे तर ७ ने दोनदा, शिवाय ७३, १२७, ३३७, ९२७३७ आणि ६४९६५७ ने भाग जाणारं. चारात दोन मूळ. निव्वळ योगायोग म्हणावं तर तसंही पूर्ण खरं नाही, आणि कारण हाताने दाखवता येतं.

सोळा खणांच्या कुंपणात एक हा अंक पंधरा वेळा येतो. ती झेंडूची माळ समजा. पंधरा फुलांची माळ तीन-तीन फुलांच्या पाच तुकड्यांत कापता येते: १११ १११ १११ १११ १११. प्रत्येक तुकडा सारखा, म्हणून तो तुकडा, द्विमानातला १११ म्हणजे आपला ७, अख्ख्या संख्येला निःशेष भागतो. पाच-पाचचे तीन तुकडे केले तर १११११, म्हणजे पाच एक असलेला तुकडा मिळतो. त्याची किंमत ३१, आणि ३१ ही भागतो. वर दिलेल्या अवयवांत ७ आणि ३१ दोन्ही आहेत, पाहून घ्या. त्रेसष्ट फुलांची माळ तर तीन, सात, नऊ, एकवीस, कशीही कापा. एकतीस फुलांची माळ मात्र समान तुकड्यांत कापताच येत नाही, कारण एकतीस स्वतः मूळ आहे.

इथे थांबून निष्कर्ष काढणारे फसतात. माळ कापता आली नाही म्हणजे संख्या मूळ, असं नाही. अकरा एकांची संख्या २०४७. अकरा मूळ, पण २०४७ = २३ × ८९. माळ कापली जात नाही, संख्या मात्र भलत्याच जागी फुटते. इटलीतल्या बोलोन्याच्या पिएत्रो कताल्दी या गणितज्ञाने १६०३ साली छापलेल्या लिखाणात १७ आणि १९ या घातांकांसाठी भागाकार करून खात्रीचं उत्तर दिलं, आणि मग पुढे जाऊन २३, २९, ३१, ३७ हेही चालतात असं ठोकून दिलं. २३ एकांच्या संख्येला ४७ ने भाग गेला. २९ ला २३३ ने. ३७ ला २२३ ने. चारातला फक्त ३१ टिकला. कताल्दीचं नाव त्यासाठी घेऊ नये असं माझं मत आहे; चार गोळ्या झाडल्या की एखादी लागतेच.

काम केलं ऑयलर या स्विस गणितज्ञाने. १७७२ पर्यंत त्याने २१४७४८३६४७ मूळ असल्याचं सिद्ध करून गणितज्ञांच्या बर्नुली घराण्यातल्या एकाला पत्राने कळवलं होतं. त्याची रीत आजही वहीवर करून पाहण्यासारखी आहे, आणि बारा अंकी कॅल्क्युलेटर, म्हणजे सीताबर्डीच्या कुठल्याही दुकानाच्या गल्ल्यावर असतो तो, तेवढ्याला पुरतो. आठ अंकी चालत नाही, त्यावर ही संख्या मावतच नाही.

आधी हद्द ठरवायची. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, आणि ४६३४१ चा २१४७४८८२८१, जो आपल्या संख्येच्या पुढे जातो. म्हणजे ४६३४० पर्यंत विभाजक सापडला नाही तर तो नाहीच. विभाजक जोडीने येतात आणि जोडीतला लहान वर्गमूळाच्या आतच असतो. त्या हद्दीत ४,७९२ मूळ संख्या आहेत. सरळधोपट जायचं तर तेवढे भागाकार.

ऑयलरने दोन चाळण्या लावल्या. पहिली अशी. समजा क्ष ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. म्हणजे २ च्या ३१व्या घाताला क्ष ने भागलं की बाकी १. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या नियमाप्रमाणे क्ष पेक्षा एकने कमी घातालाही बाकी १ च येते. एकतीस मूळ असल्यामुळे या दोन गोष्टी जुळायला क्ष-१ ला ३१ ने भाग जायलाच हवा, आणि क्ष विषम, म्हणून ६२ ने. कताल्दीच्या फसलेल्या घातांकांवर हीच चाळणी लावून पाहा: ४७ म्हणजे २३ ची दुप्पट अधिक एक. २३३ म्हणजे ५८ ची चौपट अधिक एक. २२३ म्हणजे ७४ ची तिप्पट अधिक एक. नियम बिनचूक बसतो.

दुसरी चाळणी: ३१व्या घाताची बाकी १, तर ३२व्या घाताची बाकी २. पण ३२वा घात हा १६व्या घाताचा वर्ग आहे. म्हणजे क्ष च्या हिशेबात २ हा कुणाचा तरी वर्ग ठरतो, आणि तसं फक्त तेव्हाच होतं जेव्हा क्ष ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरते.

दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की उमेदवारांना फक्त दोनच रांगा उरतात: २४८ च्या पाढ्यात १ मिळवून येणाऱ्या संख्या, आणि ६३ मिळवून येणाऱ्या. २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५… ४६३४० पर्यंत प्रत्येक रांगेत १८६, एकूण ३७२. चार हजार सातशे ब्याण्णववरून तीनशे बहात्तर. त्यातही २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने, ५५९ ला १३ ने. असे मुळातच फुटणारे उमेदवार तपासायची गरज नाही. रांगेतली पहिली खरी मूळ संख्या ३११, आणि त्यानंतर सात उमेदवार गळून थेट १३०३.

३११ ने भागून पाहू. कॅल्क्युलेटर ६९०५०९२.११२ असं काहीतरी दाखवतो. दशांश पाहून अंदाज बांधायचा नाही, इथेच चुका होतात. पूर्णांकाचा भाग ६९०५०९२ घ्यायचा, ३११ ने परत गुणायचा, २१४७४८३६१२ येतात. वजाबाकी केली की बाकी ३५. भाग गेला नाही. १३०३ ने: भागाकार १६४८१०७, बाकी २२६. नाही. पुढचा. प्रत्येक उमेदवाराला मिनिटभर धरलं आणि एकही गाळला नाही, तरी ३७२ मिनिटं, सहा तास बारा मिनिटं. एका रविवारचं काम. ऑयलरकडे गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर नव्हता हे लक्षात ठेवून बाकीचा हिशेब ज्याने त्याने करावा.

पुढे कित्येक दशकं माणसाला ठाऊक असलेली ही सगळ्यांत मोठी मूळ संख्या होती. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ साली या संख्येपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (स्वतःखेरीजचे सगळे विभाजक मिळवले की जी स्वतःच येते ती) लिहिताना म्हटलं होतं की याहून मोठी कधी सापडणार नाही, कारण अशा संख्या केवळ नवलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, त्यांच्यामागे कोण लागेल? ती परिपूर्ण संख्या २३०५८४३००८१३९९५२१२८. आपल्या संख्येला २ च्या ३०व्या घाताने गुणलं की ती मिळते. बार्लोचे दोन्ही अंदाज चुकले. उपयोगाचा विशेषच.

ऑयलरनंतरची खरी झेप एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाच्या रीतीची, १८७६ च्या सुमाराची. १९३० मध्ये डेरिक लेहमरने ती नीट बसवली. या रीतीत भागाकाराचे उमेदवार नाहीतच. चारपासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हेच. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाहीतर नाही.

१२७ वर करून पाहू, घातांक ७, म्हणून पाच फेऱ्या. आणि भागाकारासाठी नवाच्या ताळ्याचीच युक्ती वापरू. नवाचा ताळा का चालतो? कारण नऊ म्हणजे दहा वजा एक, म्हणून दहाच्या घरातले अंक नुसते मिळवले की नवाने भागून उरणारी बाकी मिळते. १२७ म्हणजे १२८ वजा एक. म्हणून १२८ चे किती गट झाले आणि किती सुटे उरले, त्यांची बेरीज केली की झालं.

४ चा वर्ग १६, वजा २, १४. चौदाचा वर्ग १९६, वजा २, १९४. त्यात १२८ चा एक गट, सुटे ६६, बेरीज ६७. सदुसष्टचा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७. ३५ गट, सुटे ७, बेरीज ४२. बेचाळीसचा वर्ग वजा २, १७६२. १३ गट, सुटे ९८, बेरीज १११. एकशे अकराचा वर्ग वजा २, १२३१९. ९६ गट, सुटे ३१, बेरीज १२७, म्हणजेच शून्य. पाच फेऱ्या, एकही विभाजक तपासला नाही, आणि निकाल पक्का.

हेच २०४७ वर नऊ फेऱ्या केलं तर शेवटी १७३६ उरतात. शून्य नाही, तेव्हा मूळ नाही. पण त्या १७३६ कडे कितीही टक लावून पाहिलं तरी २३ आणि ८९ त्यात दिसत नाहीत. मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट. संख्या फुटते हे निर्विवाद कळतं, पण कुठे फुटते ते कळत नाही. २ चा ६७वा घात वजा एक ही संख्या मूळ नाही हे ल्युकाने १८७६ साली सांगितलं. तिचे अवयव १९०३ साली फ्रँक कोल यांनी मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. मधली सत्तावीस वर्षं ती संख्या फुटलेली होती, आणि तुकडे कुणाच्या हातात नव्हते. (पहिल्या अवयवातून एक वजा करून १३४ ने भागून पाहा, ऑयलरची चाळणी इथेही सोडत नाही.)

आपल्या संख्येला या रीतीने फक्त २९ फेऱ्या लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या विक्रमी मूळ संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे, म्हणजे फेऱ्याही जवळपास तेवढ्याच, आणि प्रत्येक फेरीत कोट्यवधी अंकी संख्येचा वर्ग. ती संख्या ४,१०,२४,३२० अंकी. एकेक अंक अडीच मिलिमीटरात बसवून कागदी पट्टीवर लिहिली आणि पट्टी झिरो माइलच्या दगडापासून उलगडत नेली, तर वर्धा मागे पडूनही ती उरेल. एकूण लांबी १०२ किलोमीटरच्या वर. २१४७४८३६४७ ला त्याच पट्टीवर अडीच सेंटिमीटर पुरतात.

आतापर्यंत कुंपण एकीकडे आणि मूळपण एकीकडे असं चाललं होतं. एका कामात मात्र दोन्ही एकत्र लागतात. संगणकावर यादृच्छिक (रँडम) आकडे तयार करायचे असतील तर एक जुनी, साधी रीत आहे: हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी ठेवा, तीच पुढची संख्या. १ पासून सुरू केलं तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३. ही रीत १९६९ पासून वापरात आहे आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी तिची किमान दर्जाची म्हणून शिफारस केली. सी प्लस प्लस या संगणकभाषेच्या प्रमाण लायब्ररीत ती आजही आहे.

भाजक मूळ असल्याचा फायदा असा की गुणक नीट निवडला तर १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा आणि एकदाच येते, मगच फेरा पुन्हा सुरू होतो. आणि कुंपणावर असल्याचा फायदा असा की भागाकार करावाच लागत नाही, नवाचा ताळा पुरतो. तिसरी संख्या काढताना गुणाकार ४७४७५६१५०९९४३ येतो. त्यात २ च्या ३१व्या घाताचे २२१० गट, सुटे १६२२६४७८६३. बेरीज १६२२६५००७३. संगणकाला यासाठी फक्त खण सरकवायचे आणि मिळवायचे असतात.

गुणक १६८०७ कुठून आला? ७ चा पाचवा घात. ७ ने गुणत गेलं तर पूर्ण फेरा होतो, पण ७ लहान, लागोपाठच्या संख्या एकमेकींच्या मागे मेंढरांसारख्या चालतात. घात घेतला की उडी मोठी होते. मात्र कुठलाही घात चालत नाही. आपल्या संख्येपेक्षा एकने लहान असलेल्या २१४७४८३६४६ चे अवयव २, ३ (दोनदा), ७, ११, ३१, १५१, ३३१. घातांक या सगळ्यांपासून मोकळा हवा. ५ मोकळा आहे. ३ घेतला असता, म्हणजे गुणक ३४३, तर फेरा एक तृतीयांशावरच मिटला असता आणि बाकीच्या दोन तृतीयांश संख्या कधी आल्याच नसत्या. मूळ संख्येचा स्वभाव तिच्या शेजारणीच्या अवयवांवरून कळतो तो असा.

या रीतीत दोन गोष्टी बिघडतात. सुरुवात शून्याने केली तर शून्याला कशानेही गुणा, आयुष्यभर शून्यच. सुरुवातीचा आकडा वेळेवरून किंवा फॉर्मवरून घेणाऱ्यांनी ही एक अट टाकायलाच हवी. आणि दुसरं, एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात. सोडतीच्या खेळाला, चाचणीच्या आकड्यांना ठीक. ओटीपी किंवा पासवर्ड यातून काढणं म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली त्यालाच टांगणं.

एक खण वाढवला की काय होतं तेही जाता जाता. बत्तीस एकांची संख्या, मघाचं 'अनसाइन्ड' कुंपण, ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. एका खणाचा फरक, आणि न फुटणाऱ्याचे पाच तुकडे. तिच्यात दोन मिळवून येणारी ४२९४९६७२९७ मूळ असावी असं फर्माला वाटत होतं. १७३२ साली ऑयलरनेच ती ६४१ ने फोडून दाखवली. आणि आपल्या संख्येला जोडमूळ नाही. दोनने लहान असलेली ५ ने संपते, दोनने मोठी असलेली ३ ने जाते. मागची मूळ संख्या अठरा पावलांवर, पुढची बारा. या टापूत सरासरी अंतर साडेएकवीसच्या आसपास असतं, तेव्हा वस्ती विरळ म्हणता येणार नाही. एकपासून मोजत आलं तर तिचा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा.

आता कुंपणाचंच आणखी एक काम बाकी आहे. अनेक संगणकप्रणाली वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. तो आकडा बत्तीस खणांत ठेवलेला असेल तर २१४७४८३६४७वा सेकंद मंगळवारी, १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी येतो. पुढच्या सेकंदाला चिन्हाचा खण भरतो, संख्या ऋण होते, आणि आजच्या भारतीय वेळेत सांगायचं तर घड्याळ १४ डिसेंबर १९०१ च्या रात्री २ वाजून १५ मिनिटं ५२ सेकंदांवर जाऊन पडतं.

हे बारा-तेरा वर्षांनी पाहू म्हणणाऱ्यांसाठी: पुढच्या तारखा आजच लिहिल्या जातात. बेसा किंवा मनीषनगरात २०१८ मध्ये घेतलेल्या फ्लॅटचं वीस वर्षांचं कर्ज २०३८ मध्येच फिटतं. मायएसक्यूएलमध्ये शेवटच्या हप्त्याची तारीख 'टाइमस्टॅम्प' प्रकारात ठेवली असेल तर ती त्या मंगळवारपलीकडे जाऊच शकत नाही. 'डेटटाइम' प्रकार घ्यायचा, त्याला हे कुंपण नाही. चौसष्ट खणांच्या यंत्रावर चालतंय म्हणून निर्धास्त राहू नये; यंत्र चौसष्टचं असलं तरी रकाना बत्तीसचा असू शकतो.

आणि नंदनवनाच्या त्या यादीचं? रकाना 'व्हारकॅर', म्हणजे मजकूर साठवणारा, लांबी १५. देशाच्या कोडसकट जगातला कुठलाही नंबर पंधरा अंकांत बसतो, पुढचं शून्य टिकतं, अधिकचं चिन्ह हवं असेल तर लांबी १६ करा. 'बिगइंट'मध्येही, म्हणजे चौसष्ट खणांच्या पूर्णांकात, दहा अंक मावतात, पण मोबाइल नंबरांची कधी कोणी बेरीज करत नाही, तेव्हा ती संख्या मानायचीच कशाला. रकाना बदलला की नव्या नोंदी नीट येऊ लागतात. जुन्या तीनशे येत नाहीत. कापलेला नंबर डेटाबेसमध्ये कुठेही शिल्लक नसतो. त्या मुलांचे कागदी फॉर्म असतील तर ते कपाटातून काढायचे आणि एकेक करून पुन्हा भरायचे.